चोरांसाठी पेरलेली ओळ

माझं अकोल्यात चष्म्याचं दुकान आहे. आलेला माणूस खुर्चीवर बसतो, एक डोळा झाकतो आणि भिंतीवरची अक्षरं वाचतो. तीस वर्षांत ह्या कार्यक्रमात कुणी बदल केला नव्हता. तो केला तायडे मामांनी. अक्षरांच्या पाटीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शर्टाच्या खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली हरभऱ्याची डहाळी काढली, तिच्यावरची एक न उमललेली कळी बारक्या चिमट्याने उघडली आणि म्हणाले, "भाऊ, ह्यात दहा केसर असतात. मले आठच दिसून राहिले. दहा दिसतीन असा चष्मा द्या."

मी म्हटलं, "मामा, आधी पेपर वाचता येतो का ते पाहू."

"पेपरात काय हाय वाचाले?"

मी एक भिंग लावलं, दुसरं लावलं. मामा मोजत होते. "नऊ दिसले. नऊ जन एका जुडीत राह्यतात, थे सापडतात. दहावा येकटा बाजूले राह्यते. थोच चुकवते." शेवटी मी स्वतः वाकून पाहिलं. मलाही दहावा दिसेना. चष्मेवाल्यालाच दिसू नये म्हणजे धंद्याची अब्रू गेली. घड्याळजी डोळ्यावर बसवतात तसलं भिंग मागवून देण्याचं मी कबूल केलं, तेव्हा मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमची माय कुठची?"

नाव नाही, गाव नाही, एकदम आई. मी म्हटलं, "चांदूर रेल्वेची."

"आन् वडील?"

"मूर्तिजापूरचे."

मामांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "बरा क्रॉस हाय," ते म्हणाले. "उंचीत मार खाल्ला, पन उन्हात टिकसान."

हे गृहस्थ आमच्याच मागच्या गल्लीत राहतात हे मला त्यानंतर कळलं. आपण शेजाऱ्यांना ओळखतो असा माझा समज होता, तोही त्याच आठवड्यात गेला.

मामांनी चौतीस वर्षं एका संशोधन केंद्राच्या शेतावर नोकरी केली. मजूर म्हणून लागले आणि हुद्दा काही फार वर चढला नाही. काम मात्र असं, की साहेबांनी कागदावर दोन वाणांची सोयरीक ठरवायची आणि लग्न मामांनी लावायचं. हरभऱ्याचं फूल मोठं लबाड. उमलायच्या आधीच ते स्वतःशी संसार उरकून घेतं. म्हणून कळी मिटलेली असतानाच उघडायची, आतले दहाही केसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग आत लावायचा, कळी पुन्हा मिटवायची आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. दहा कळ्या केल्या तर एखादी धरते. दहामधला एक केसर आत राहिला तर सगळं मुसळ केरात. हे काम थंडीत, भल्या सकाळी, वाकून करायचं आणि करताना श्वाससुद्धा जपून सोडायचा, कारण जोरात सोडला की पराग उडतो.

त्यामुळे मामांना एक खोड लागली. हिवाळ्यात सकाळी नऊपर्यंत ते बोलत नाहीत. शेतात असोत, घरी असोत, दूधवाल्याशी व्यवहार असो, सगळं खुणांनी. मामी सांगतात, "माहं लगन झालं तवा हरभरा फुलावर होता. चार सकाळी पाह्यलं आन् मायले निरोप धाडला, की नवरदेव मुका हाय, तुमी लपवून ठेवलं."

दुसरी खोड माणसांकडे पाहण्याची. मामांच्या लेखी जगात फक्त वाण आहेत आणि त्यांचे संकर. माझ्या पुतण्याच्या लग्नात सगळे जोडप्याचं कौतुक करत होते. मामा अक्षता टाकून आले आणि वधूच्या वडिलांशेजारी उभे राहून म्हणाले, "पहिली पिढी साऱ्यायचीच गोड दिसते. खरं काय हाय थे दुसऱ्या पिढीत फुटते." वधूच्या वडिलांनी जेवताना मला दोनदा विचारलं, ते कोण होते म्हणून. मी दोन्ही वेळा ताकाचं भांडं कुठं आहे ते दाखवलं.

तुम्ही मामांना काहीही विचारा. गल्लीतला रस्ता होईल का, नवीन नगरसेवक कसा वाटतो, त्यांच्या पुण्यातल्या मुलाची नोकरी कशी चाललीय. उत्तर एकच. "पुढच्या पिढीत पाहू." मुलाने फोनवर सांगितलं, मला बढती मिळाली. मामा म्हणाले, "बरं झालं. पुढच्या पिढीत पाहू."

आता कुंड्यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या घरात ती अजून मिटलेली नाही. आम्ही दोघं आठ दिवस धारणीला भाच्याकडे गेलो होतो. बायकोच्या अकरा कुंड्या. गुलाब, मोगरा, कढीलिंब, एक शेवंती. शेतीतला माणूस शेजारी असताना दुसऱ्या कुणाला सांगायचं, म्हणून पाणी घालायचं काम मामांवर सोपवलं. मामा रोज आले, वेळेवर आले, एक दिवस चुकले नाहीत. फक्त पाणी नळाचं न घालता त्यांनी आपल्या गावच्या विहिरीचं, कॅनमध्ये भरून आणलेलं, घातलं. आम्ही परतलो तेव्हा नऊ कुंड्यांत काड्या उभ्या होत्या. मामा दारात हात मागे बांधून उभे. चेहऱ्यावर आनंद.

"वहिनी, हा कढीलिंब आन् हे शेवंती, हे दोन ठेवा. ह्यायच्यात दम हाय. बाकीच्यायच्या नादी नोका लागू."

बायको दोन महिने त्यांच्याशी बोलली नाही. मामांना ते समजलंच नाही, कारण हिवाळा होता आणि ती त्यांना सकाळीच भेटायची.

ते गावच्या विहिरीचं पाणी म्हणजे काय, हे मला नंतर चाखायला मिळालं. मामांचं गाव दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचं पाणी घालून चहा ठेवला तर दूध फाटतं. तेच पाणी पिकाला दिलं तर जमीन दगड होते. काळीभोर माती, पण मधूनमधून तिच्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटतं. अशा एका पांढऱ्या तुकड्यात मामांचं दोन एकराचं वावर आहे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. मामांनी चिमटा घेतला आणि ठरवलं, की ह्या तुकड्यात हरभरा उभा करायचा. मिठात जगेल असा, आपल्या हाताने केलेला. साठाव्या वर्षी ठरवलं. हरभऱ्याची पिढी वर्षाला एकच, आणि वाण पक्का व्हायला सहा-सात पिढ्या लागतात. हिशोब तुम्हीच करा.

"रविवारी तुमचं दुकान बंद राह्यते ना?" त्यांनी मला एकदा विचारलं. मी हो म्हटलं, आणि त्यानंतर सात वर्षं माझा एकही रविवार माझा राहिला नाही. सकाळी दारात उभे राहून ते हात जोडत. "जय भीम, भाऊ" हे परतीच्या वाटेवर म्हणत, कारण जाताना नऊ वाजलेले नसत. मग माझ्या स्कूटरवर मागे बसायचं आणि चाळीस किलोमीटर गप्प. मी चिडायचो, गुडघ्यांचं नाव सांगायचो, पण पुढल्या रविवारी पुन्हा पेट्रोल भरून तयार. का, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. दिवसभर माणसांना 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारणाऱ्या माझ्यासारख्याला, ज्याला सगळं स्पष्ट दिसतंय असा एक माणूस बघायला आवडत असावा.

आता चोरांच्या ओळीबद्दल. आमच्या वऱ्हाडात हरभरा घाट्यावर आला, म्हणजे शेंगा भरल्या, की वाटेने जाणारा माणूस मूठभर उपटून खातो. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. धनी ओरडतो, खाणारा हसतो, दोघांचंही कर्तव्य पार पडतं. पण संशोधनाच्या शेतात हे चालत नाही. तिथे एका झाडामागे चार वर्षांची मेहनत असते आणि ते झाड एखाद्याच्या पोटात गेलं की पुढचा सगळा मजकूर पुसला. नोकरीत असताना मामांनी ह्यावर तोडगा काढला होता. रस्त्याच्या कडेला ते एक ओळ गोड, टपोऱ्या हरभऱ्याची पेरायचे. लोक तिथेच थांबायचे, खायचे, आत शिरायचे नाहीत. तिला ते चोराईची ओळ म्हणत. साहेबलोक हसले, पण आतली चोरी बंद झाली.

स्वतःच्या वावरात मामांनी ही ओळ वेगळ्या कामाला लावली. मिठात जगलेला वाण आत पेरायचाच, पण त्यातलंच थोडं बी रस्त्याच्या कडेला पेरायचं. "मिठात जगला म्हनजे झालं नाई," ते म्हणत. "रुईचं झाड बी जगते. लोकायनं चोरून खाल्लं पाह्यजे. चोर खोटं बोलत नाई. साहेब आले तं चांगलंच म्हनतीन, सोयरे आले तं चांगलंच म्हनतीन. चोराले काय पडलं हाय?"

पहिल्या डावात मामांना मिठात टिकणारं एक झाड त्याच तुकड्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडलं होतं. बुटकं, काळपट दाण्याचं, पण हिरवंगार. त्याचा संकर केला, पाच पिढ्या निवड केली. पाचव्या वर्षी त्या पांढऱ्या तुकड्यात हरभरा गुडघ्याएवढा उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत. रस्त्याच्या कडेची ओळ तशीच भरलेली होती. गावात इतरांच्या धुऱ्यांवर टरफलांचा सडा, आणि मामांच्या ओळीला कुणी हात लावलेला नाही. आमच्यासमोर एका म्हाताऱ्याने दोन घाटे तोडले, चावले आणि तोंड कडू करून थुंकून टाकले.

"थुकलं, भाऊ," मामा म्हणाले.

त्या दिवशी ते परतीच्या वाटेवरही बोलले नाहीत. अकोला येईपर्यंत मला मागे कुणी बसलंय की नाही तेही कळत नव्हतं. मामींनी जेवायला वाढलं तर म्हणाले, भूक नाही. मला वाटलं, संपलं. पासष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्या हाताला कंप. कुणीही थांबलं असतं.

पुढच्या हिवाळ्यात मामा दुकानात आले. मोतीबिंदू काढलेला होता. खिशात दोन डहाळ्या. एक त्या कडवट बुटक्याची, आणि दुसरी गावरान गोड हरभऱ्याची, एका म्हातारीच्या मडक्यातलं बी मागून लावलेली. "ह्यायचं लगन लावाचं हाय," ते म्हणाले. "हात हालते. भिंग असं बसवून द्या की मले दोन्ही हात मोकळे राहतीन." मी कपाळाला बांधायचा पट्टा शिवून घेतला, त्याला भिंग बसवलं. मामा उजव्या हाताचं मनगट डाव्या गुडघ्यावर टेकवत, हात हलायचा थांबेपर्यंत वाट पाहत, आणि मगच चिमटा पुढे नेत. मी मागे उभा राहून मिनिटं मोजत असे. एका कळीला पूर्वी त्यांना मिनिटभर लागायचं, आता पंधरा मिनिटं. थंडी संपेपर्यंत ते रोज गेले. रविवारी माझ्या स्कूटरवर, इतर दिवशी एसटीने. त्या सगळ्या खटाटोपातून अकरा घाटे धरले. मामा म्हणाले, "भल्ले झाले."

मग पुन्हा पिढ्या. दुसऱ्या पिढीत जे फुटायचं ते फुटलं. गोड होती ती झाडं मिठात मेली, जगली ती कडू. हजारभर झाडांतून मामांनी तीन निवडली, जगलेली आणि तरी गोड. प्रत्येक झाडाचा एकेक दाणा स्वतः चावून पाहिला. आठ दिवस त्यांची जीभ हिरवी होती. तिसरी, चौथी, पाचवी. मुलगा पुण्याहून म्हणायचा, बाबा, बस करा आता, इकडे या. मामा म्हणायचे, पुढच्या पिढीत पाहू.

ह्या जानेवारीत दुसऱ्या डावाची सहावी पिढी उभी राहिली. आत चार ओळी आणि रस्त्याच्या कडेला एक. आतल्या ओळींचं बी राखायचं, कडेची ओळ चोरांच्या हवाली. मामा बहात्तरच्या घरात. आता ह्यात नाही जमलं तर तिसरा डाव मांडायला हात उरणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या रविवारी दुपारी आम्ही शेजारच्या वावरात, तुरीच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या त्यांच्या आडोशाला भाकरी खात बसलो होतो. कापूस वेचून दोन बाया पांधणीने, म्हणजे मामांच्या ओळीला लागून जाणाऱ्या वाटेने, परत चालल्या होत्या. मामांनी एकदम माझी मान धरून खाली दाबली.

"मामा, अहो ठेचा लागला नाकाला!"

"चूप बसा. थांबली थे. तुमचे डोळे चांगले हायेत. सांगा काय करते."

मी पेंढ्यांतून पाहिलं. "एक घाटा तोडला."

"मंग?"

"सोलला. तोंडात टाकला."

"थुकली?"

"नाही."

"गिळला?"

"आता मला तिचा घसा कसा दिसणार इथून?"

"नीट पाहा ना, बाप्पा!"

तिने दुसरा तोडला. मग सोबतणीला हाक मारली. सोबतणीने खाल्ला. मग पहिलीने वाकून अख्खं झाडच मुळासकट उपटलं. मी उठलोच. सहा वर्षं मी त्या झाडांसाठी स्कूटर मारली होती. मामांनी माझा सदरा धरून खाली ओढलं. "बसा. काम होऊन राहिलं."

बाया खात खात पुढे गेल्या, वळणाआड दिसेनाशा झाल्या. एक झाड गेलं, म्हणजे पसंत पडलं की नाही, असं मी विचारणार होतो. पण मामा माझ्याकडे न बघता, कुजबुजल्यासारखं बोलायला लागले.

"हे वावर सरकारी वाटपात माह्या बापाले भेटलं तवा आमी नाचलो होतो. कास्तकार झालो म्हणून. मंग समजलं, हे आमालेच काहून भेटलं. गावातल्या साऱ्या वावरात पोट्टे घुसत, हरभरा उपटत. लोक गोफण घेऊन मांगं धावत, शिव्या देत. मीनं बी लोकायचे भल्ले हरभरे खाल्ले, शिव्या बी खाल्ल्या. आमच्या वावरात कोनी आलं नाई. कधीच. पिकत होतं काय अठी? आन् माहा बाप रोज गोफण घेऊन राखणीले जाये. दिवसभर बसे. एकदा मी इचारलं, बाबा, काय राखता? तं म्हने, राखलं नाई तं हे वावर आपलं हाय, हे कसं समजन कोनाले? संध्याकाळ झाली की उभा राहून एक हाक मारे, कोन हाय रे वावरात? आन् घरी ये."

"आणि कुणी असायचं?"

"कोन राहीन?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो खाली ठेवला गेला. फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. सात वर्षं मी ह्या माणसाच्या गमती दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होतो आणि हे काय चाललंय ते मला कधी दिसलं नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी पुन्हा माझी मान दाबली.

बाया परत येत होत्या. दोघी गेल्या होत्या, चौघी आल्या. चौघींनी पदराचे ओचे केले आणि ओळीला भिडल्या. एक उपटत होती, दोघी घाटे तोडत होत्या, चौथी तर तिथेच खाली बसून खात होती.

"वापस आली," मामा म्हणाले. "भाऊ, थे वापस आली." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले आणि परवानगी मागावी तसं म्हणाले, "भाऊ, एक डाव हाक मारून घेऊ का?"

"मारा ना मामा. वावर तुमचं आहे."

मामा उभे राहिले. अंगावरचा भुसा झटकला. जन्मभर कळ्यांजवळ हळू बोलून बोलून आवाज बारीक झालेला. पहिल्यांदा फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला.

"कोन हाय वं वावरात?"

चौघी दचकल्या, आम्हाला पाहिलं आणि हसत, ओचे सावरत पळत सुटल्या. ओच्यातले घाटे धुऱ्यावर सांडत गेले. मग मामा घाबरले. "अवो, पळू नोका! न्या ना, न्या! थ्या टोकाले अजून हायेत, थे बी गोड हायेत!" असं म्हणत ढेकळांतून त्यांच्या मागे धावायला लागले, आणि ते पडू नयेत म्हणून मी त्यांच्या मागे.

पहिली बाई पांधणीवर थांबली. लांबूनच ओरडून तिने विचारलं, "लय गोड हायेत, काका! वावर कोनाचं हाय हे?"

मामांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही.

"सखाराम तायड्याचं!" ते म्हणाले. बाईला ऐकू गेलं नसावं असं वाटून त्यांनी पुन्हा, आणखी मोठ्याने, बापाचं नाव सांगितलं.